‘आज माझा उपवास आहे’

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: हिंगोली जिल्ह्यातलं गाव, घरी चार एकर, सोयाबीन आणि हळद. पुण्यात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, वसतिगृहात चौघींची खोली. बाकी तिघींपैकी एकीचे आईवडील दोघंही डॉक्टर, एकीचे बाबा आयटीत, तिसरीचं साताऱ्याला कापडाचं दुकान. मेसचे पैसे तुझे बाबा परस्पर भरतात, वर तुझ्या हातात महिन्याला अडीच हजार येतात. दर शनिवारी बाहेर जेवण, प्रत्येकीच्या वाढदिवसाला पाचशेची कॉन्ट्री, आणि आता परीक्षा संपल्यावर गोव्याची ट्रिप, माणशी नऊ हजार. तू कधी पोट दुखतंय म्हणतेस, कधी सबमिशन राहिलंय म्हणतेस. परवा एकीनं हसत हसत ‘चिंगूस’ म्हटलं आणि तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस. आता विचारते आहेस, यांच्यापासून लांब राहू की खोलीच बदलून घेऊ?

मी तेवीस वर्षं पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते आहे आणि त्यातली अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. तुला ‘तू’च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस.

आधी प्रश्न नीट मांडू. तुला वाटतंय अडचण अडीच हजारांची आहे. अडीच हजारांत, किंबहुना त्याहून कमीत महिना काढणाऱ्या मुली आमच्याकडे दरवर्षी असायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पैसेवाल्या मैत्रिणींच्या घोळक्यात मजेत असायच्या. ज्यांचं बिनसायचं त्यांची गोष्ट बहुतेक वेळा तुझ्यासारखी असायची. पैसे कमी आहेत हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नसायचं, आणि ते न सांगण्यासाठी दर आठवड्याला काहीतरी दुसरं सांगावं लागायचं.

एक मुलगी होती, बीड जिल्ह्यातली. बाहेर जेवायला जायचं निघालं की म्हणायची, आज माझा उपवास आहे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, शनिवारी मारुतीचा. वर्षभरात खोलीतल्या मुलींची खात्री पटली की ही फार देवभोळी आहे. तिच्या वाढदिवसाला त्यांनी कॉन्ट्री काढून चांदीचा छोटा गणपती आणला. ती तो घेऊन माझ्याकडे आली. हसतही होती आणि रडतही होती. म्हणाली, “मॅडम, या मूर्तीच्या पैशात माझे सहा शनिवार झाले असते.” मैत्रिणींचं यात काय चुकलं? तिनं त्यांच्यासमोर जी मुलगी उभी केली होती, तिचे लाड त्यांनी मनापासून केले.

तुझ्या पोटदुखीचंही तेच होतंय. तुझ्या तिघी आपापल्या परीनं अर्थ लावत असणार: हिला आपण आवडत नाही, ही फार अभ्यासू आहे, नाहीतर ही चिंगूस आहे. ‘हिला झेपत नाही’ हा अर्थ त्यांना चटकन सुचणार नाही, कारण त्यांच्या घरी तो शब्द निदान मुलींसमोर फारसा बोलला गेलेला नाही.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. घरात पैसा किती येतो याला महत्त्व आहेच. पण तो कसा आणि कधी येतो, यावर पोरांची पैशाकडे बघायची नजर ठरते. पगारदाराच्या घरी एक तारखेला पैसा येतो. संपला तरी पुढची एक तारीख कुठे जात नाही. त्या घरातली मुलगी ‘या महिन्यात जरा जास्तच झालं’ असं म्हणू शकते, कारण तिला पुढचा महिना असतो. तुमच्याकडे सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, दिवाळीच्या मागेपुढे हातात पडते, हळदीचे पैसे उन्हाळ्यात. आणि पट्टी होण्याआधीच त्यातले निम्मे पैसे दुसऱ्या कुणाचे झालेले असतात: कृषी सेवा केंद्राची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, कुणाच्या तरी लग्नाचं देणं. उरलेल्यात पुढच्या पट्टीपर्यंत तगायचं. तुमच्या घरात ‘पुढचा महिना’ नसतो, पुढचा हंगाम असतो आणि तो पावसाच्या हातात. व्यापाऱ्याच्या घरी तिसराच प्रकार. गल्ल्यात रोज पैसा दिसतो, पण त्यातला आपला किती आणि माल देणाऱ्याचा किती, हे मुलांना लहानपणापासून बजावलेलं असतं. तुझी साताऱ्याची रूममेट हॉटेलात बिलाची ओळ न् ओळ वाचते का, बघ एकदा. बहुतेक वाचत असेल.

आणखी एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण मी पैजेवर सांगते. पाचशे रुपये म्हटलं की तू मनातल्या मनात त्याचं सोयाबीन करतेस. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कितीतरी जणांना त्याहूनही कमी मिळाला. म्हणजे एका वाढदिवसाची कॉन्ट्री दहा किलो सोयाबीन. गोव्याची ट्रिप दोन क्विंटलच्या आसपास. त्या दोन क्विंटलमागचं खुरपणं, फवारणी आणि मळणी तू डोळ्यांनी पाहिलेली आहेस. डॉक्टरांच्या मुलीला नऊ हजारांचे नऊ हजारच दिसतात. म्हणून ती उथळ आणि तू थोर, असं काही नाही. तिला ते गणित कुणी शिकवलेलंच नाही. तू ते विसरावंस असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक चहाला लावत बसू नकोस. लावलंस तर दहा रुपयांचा चहासुद्धा गुन्हा वाटायला लागतो, आणि मग एखाद्या महिन्यात त्या काटकसरीचा उबग येऊन माणूस एकदम दोन हजारांचे शूज घेऊन बसतं. हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे.

समोरच्या बाजूचंही सांगते, कारण ‘त्यांना काय, त्यांच्याकडे आहे’ हे वाक्य तुझ्या प्रश्नात दोनदा आलंय. आमच्याकडे एका बिल्डरची मुलगी होती. तिच्या खात्यातून वीस रुपये गेले तरी वडिलांच्या मोबाइलवर मेसेज जायचा आणि संध्याकाळी फोन यायचा, दुपारी तीन वाजता एफसी रोडवर काय करत होतीस? मग ती ‘मेस’ असं लिहून मैत्रिणीला यूपीआयनं पैसे पाठवायची आणि तिच्याकडून रोख घ्यायची. त्याच खोलीत परभणीची एक मुलगी होती. तिला घरून दीड हजार यायचे आणि त्याचा हिशोब कुणी कधी विचारला नाही. विचारत नाहीत म्हणूनच ती पै-पैचा हिशोब वहीत लिहायची. दोघी एकमेकींचा हेवा करायच्या, आणि ते दोघींनीही मला वेगवेगळं येऊन सांगितलं होतं! आयटीतल्या बाबांचा फ्लॅटचा हप्ता, साताऱ्याच्या दुकानातली मंदी तुला दिसत नाही. तुझी पट्टी त्यांना दिसत नाही.

पूर्वी हे इतकं झाकलेलं नसे. पुण्याच्या पेठांत शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी कुणाकडे, मंगळवारी कुणाकडे, हे अख्ख्या आळीला ठाऊक असायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग इतर समाजांचीही निघाली. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करते आहे. अशा जागी कुणाची परिस्थिती काय हे विचारावं लागत नाही, कारण बहुतेकांची सारखीच असते. (कोल्हापूरची ती बोर्डिंगं बरीचशी जातवार होती, हेही लक्षात असू दे.) तुमच्या वसतिगृहात खोल्या गुणानुक्रमे लागतात. साताऱ्याचं कापड दुकान आणि हिंगोलीची चार एकर एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत येतात. असं फार ठिकाणी होत नाही. म्हणून खोली बदलायची घाई मला पसंत नाही, निदान पुढचं करून बघेपर्यंत तरी.

पुढचं म्हणजे आकडा. एका संध्याकाळी वही घेऊन बस. मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स आणि प्रिंट, साबण-शांपू-पॅड, संध्याकाळचं खाणं, गावी जायचं एसटीचं अर्धं तिकीट आणि अडीअडचणीला दोनशे-तीनशे. हे सगळं वजा करून, माझ्या अंदाजानं, चारशे-पाचशे उरतील. ते मैत्रिणींबरोबर खर्चायचे. शिल्लक टाकायचे नाहीत, घरी परत न्यायचे नाहीत. तुझ्यासारख्या मुलींना हे सांगावं लागतं.

मग एखाद्या गुरुवारी, सगळ्या खोलीत असताना, साध्या आवाजात सांगायचं: “बाहेर खायचं माझं महिन्याचं बजेट चारशे आहे. त्यात एकदा येईन. कधी, ते तुम्ही ठरवा.” बस्स. बाबांची शेती, दुष्काळ, आईनं काय मोडलं, यातलं काहीही सांगायची गरज नाही. ‘मला परवडत नाही’ म्हटलं की समोरचीला काय बोलावं कळत नाही. ती एकतर गप्प होते नाहीतर कनवाळू होते, आणि दोन्हीनं तुला अवघडल्यासारखं होतं. आकडा दिला की तिला करण्यासारखं काहीतरी मिळतं. माणशी चारशेत चौघींचं कुठे जमेल, हा प्रश्न पोरी पाच मिनिटांत सोडवतात. गुरुवार अशासाठी म्हटलं की शनिवारी टेबलावर बिल आल्यानंतर सांगितलेला आकडा तक्रारीसारखा ऐकू येतो. बसल्या बसल्याच ‘आज टीटीएमएम हं’ म्हणून टाकायचं. तुझं तू माझं मी हा शब्द पुण्यात इतका रुळलाय की त्याचं कुणाला काही वाटत नाही. तू मसाला डोसा खाल्लास आणि बिल चार सारख्या भागांत पडलं, तर बाकीच्यांच्या सिझलरचे पैसे तू भरतेस. हे त्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही.

वाढदिवसाची कॉन्ट्रीही आत्ताच एकदा ठरवून टाका, सगळ्यांसाठी सारखी, दीडशे. तूच विषय काढ. साताऱ्याची तुझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटतं, आणि ‘बरं झालं बोललीस’ असं म्हणणारी एखादी अनपेक्षित निघतेच. तुझ्या वाढदिवसाला पार्टी द्यायची सक्ती मनावर घेऊ नकोस. इथे तुला पुष्कळ लोक सुचवतील की गावाहून भाकरी-ठेचा आण, लाडू आण, बघ कशा खूश होतात. आणावंसं वाटलं तर जरूर आण. पण बरोबरी साधायला म्हणून आणू नकोस. दर वेळी खाऊ घेऊन येणारी ‘आपली गावाकडची’ होऊन बसलीस की त्या भूमिकेतून बाहेर पडायला फार वेळ लागतो.

गोव्याला जाऊ नकोस. एवढं मी बिनशर्त सांगते. घरी खोटं सांगून पैसे मागवू नकोस, आणि ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वाल्या ॲपचं तर नावच काढू नकोस. तसल्या हप्त्यांत अडकलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यातल्या बहुतेक गरीब नव्हत्या, फक्त कुणाच्या तरी मागे पडायचं नव्हतं त्यांना. ‘मी या वेळी येत नाही, माझ्या बजेटच्या बाहेर आहे, परत आलात की सगळं सांगा’ इतकं पुरे. चार दिवस फोटो बघून वाईट वाटेल. वाटू दे.

एखादी म्हणेल, तुझे मी भरते. इथे मात्र उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे मिंधेपणाची भीती मुलांच्या अंगात लहानपणापासून भिनवलेली असते. तिच्यापायी काही जणी कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत, आणि ते थोडं आडमुठेपणाचंच आहे. माझा अंदाज असा, की ज्याची परतफेड तू याच वर्षात, याच मैत्रीत, आपल्या परीनं करू शकशील ते घ्यावं. रिक्षा, चहा, पिक्चरचं एखादं तिकीट. नऊ हजार तू फेडू शकणार नाहीस, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर प्रत्येक वेळी ‘काय खाऊया’ विचारलं गेलं की तुझं तोंड उघडणार नाही.

परतफेडीवरून आठवलं. तुला गणितात चांगले मार्क आहेत असं लिहिलंस. मैत्रिणींना एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, शिकव, रात्री जागून शिकव. पण त्यांची जर्नल लिहून देऊ नकोस, ड्रॉइंगच्या शीट काढून देऊ नकोस. सुरुवात अशीच होते: तिनं पिझ्झा खिलवला, हिनं जर्नल लिहून दिलं. दिवाळीपर्यंत पिझ्झा बंद होतो, जर्नल चालू राहतं. आमच्या वसतिगृहात एकजण तिघींची सबमिशन करता करता स्वतःच्या परीक्षेत नापास होऊन केटी घेऊन बसली.

आकडा तू स्वतः सांगणं आणि तो दुसऱ्यानं जाहीर करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मी स्वतः चूक करून शिकले. रेक्टर झाले त्याच वर्षी स्नेहसंमेलनाची वर्गणी तीनशे ठेवली आणि लवकर जमावी म्हणून कुणी दिली, कुणाची बाकी, अशी यादी मेसच्या दाराशी लावली. आठवड्यानंतर लक्षात आलं की दोन मुली जेवायला उशिरा, जवळजवळ मेस बंद होताना येतात. यादी दारात होती आणि त्यांची नावं तिच्यात शेवटची होती. मी यादी काढली, त्या दोघींशी बोलले. एक बोलली, दुसरी पुढची तीन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तेव्हापासून वर्गणी बंद पाकिटात, ज्याला जे जमेल ते, नाव न लिहिता. जमा होणारी एकूण रक्कम फारशी बदलली नाही.

आता, तुझ्या तिघी नक्की कशा आहेत हे मला माहीत नाही, आणि बरंच काही त्यावर ठरणार आहे. आकडा सांगितल्यानंतरचा शनिवार बघ. त्यांनी टपरी सुचवली, मेसमध्ये खाऊन नुसती कॉफी घेऊ म्हणाल्या, तर ‘चिंगूस’ हा शब्द अज्ञानातून आला होता असं समज आणि सोडून दे. आकड्याचीच टिंगल झाली, ‘चारशेवाली’ असं नाव पडलं, तर मग खोली बदलण्याचा अर्ज कर आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस. तिथे थांबून कुणाला सुधारायची जबाबदारी तुझी नाही.

दोन गोष्टी मात्र मैत्रीच्या हिशोबात धरू नकोस. सीनियर जर जबरदस्तीनं पार्टी मागत असतील, पहिल्या वर्षाच्या मुलींकडून पैसे काढत असतील, तर ती गंमत नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत पैसे उकळणं आणि खर्चाची सक्ती करणं हेही रॅगिंगमध्ये स्पष्ट धरलेलं आहे. सरळ तक्रार कर. दुसरं, ‘तुला फी किती पडली गं?’ हा प्रश्न. तो कधी निव्वळ कुतूहलाचा असतो आणि कधी त्याआडून जात काढायची असते, आवाजावरून कळतंच. त्याचं उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. जातीवरून टोमणा आला तर तो पैशाचा मामला राहिला नाही, तो कॉलेजच्या तक्रार समितीकडे न्यायचा.

राहिलं उत्पन्नाचं. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, लिहायची गरजही नाही. पण एकदा खात्री कर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगवेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, आणि तू कोणत्या वसतिगृहात राहतेस त्यावरही फरक पडतो. सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचार. कमवा व शिका योजना तुमच्या कॉलेजात चालत असेल तर लायब्ररीतलं काम माग. तासाला मिळतात थोडेच, पण ते महिन्याला येतात, पट्टीसारखे वर्षातून एक-दोनदा नाही. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र खात्यात जमा होईपर्यंत हिशोबात धरायचे नाहीत. ते कधी येतील हे खिडकीवरच्या माणसालाही सांगता येत नाही.

आणि हो, महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरलेला असेल तर आधारशी जोडलेलं बँक खातं कोणतं आहे ते आजच तपास. गावाकडे आईनं तुझ्या नावानं कधीतरी उघडलेलं जुनं खातं जोडलेलं असतं, ते बंद पडलेलं असतं, आणि पैसे तिकडेच अडकून बसतात. दरवर्षी माझ्याकडे अशा निदान चार-पाच जणी यायच्या.